कैलासाची परिक्रमा आणि एक राहून गेलेली दुरुस्ती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या हॉलमध्ये झालेल्या ‘आपली माणसं, आपले अनुभव’ या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. सहा वर्षं मी या सोसायटीचा खजिनदार होतो, त्यामुळे दिलेल्या बजेटच्या बाहेर जायचं नाही ही सवय आहे. तरी दोन-चार मिनिटं इकडे-तिकडे झाली तर सांभाळून घ्या.

विषय तुमच्या ओळखीचा आहे. २०११ साली मी आणि सौ. कैलास-मानसरोवरला गेलो होतो. परत आलो तेव्हा गेटवर रांगोळी होती, ढोल होता, आणि गणपतीत आपला जाहीर सत्कार झाला. बॅनरवर लिहिलं होतं, ‘कैलास परिक्रमा पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्या बॅनरबद्दलच मला आज बोलायचं आहे. पण आधी यात्रेबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी २०१० मध्ये बँकेतून निवृत्त झालो. छत्तीस वर्षं नोकरी, नऊ बदल्या. परराष्ट्र मंत्रालयाची जाहिरात पाहून मी दोघांचे अर्ज भरले. सोडतीत दोघांचीही नावं लागली. मग तयारी सुरू झाली. चार महिने आम्ही लिफ्ट वापरली नाही. सात मजले सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. ए विंगच्या काही मंडळींना तेव्हा वाटलं होतं की मी मेंटेनन्स वाचवायला लिफ्ट बंद करणार आहे! रविवारी येऊरचा डोंगर. मी एका वहीत सगळं लिहून ठेवत होतो. किती मिनिटं, किती पावलं, नाडीचे ठोके किती. सौ. काहीच लिहीत नव्हती. ती नुसती चालत होती.

दिल्लीला वैद्यकीय तपासण्या झाल्या. स्टॅम्प पेपरवर हमीपत्र द्यावं लागतं, आणि त्यात एक कलम असं असतं की चीनच्या हद्दीत मृत्यू आला तर तिथेच अंत्यसंस्कार करायला आमची संमती आहे. आयुष्यभर लोकांच्या कर्जाच्या कागदांवर सह्या घेतल्या, पण त्या दिवशी सही करताना माझाच हात थबकला. सौ.ने विचारलं, “कुठे करायची?” आणि करून टाकली.

दिल्लीहून अल्मोडा, धारचुला. तिथून पुढे तेव्हा बहुतेक चालणंच होतं. नारायण आश्रम, सिरखा, गाला. गालाहून खाली उतरायला ४,४४४ पायऱ्या आहेत असं सांगतात. मी मोजायला घेतल्या आणि सहाशेच्या पुढे नाद सोडला. खाली काली नदी प्रचंड आवाज करत धावते, पलीकडे नेपाळ. वाटेत मालपा लागतं. तिथे १९९८ च्या ऑगस्टमध्ये दरड कोसळून यात्रेकरूंसह दोनशेहून जास्त माणसं गेली. तिथून जाताना आमच्या तुकडीत कोणी बोललं नाही. पुढे बुधी, छियालेखचं फुलांचं पठार, आणि गुंजी. गुंजीला आयटीबीपीचे डॉक्टर पुन्हा तपासतात. रक्तदाब वाढलेला दिसला की तिथूनच परत. आमच्यातले तिघे परत गेले. त्यातल्या एका गृहस्थांना मी फार मोठेपणाने म्हणालो होतो, “ईश्वरेच्छा!” हे वाक्य लक्षात ठेवा.

कालापानीला काली नदीचा उगम मानतात, तिथे देवीचं मंदिर आहे. नाभीढांगला ढग बाजूला झाले की ओम पर्वत दिसतो, बर्फाने कोरल्यासारखा ॐ. तिथून रात्री तीनच्या सुमारास निघून उजाडता उजाडता लिपुलेख खिंड गाठायची. आपली हद्द तिथे संपते. परतणारी तुकडी इकडे येते, आपण तिकडे उतरतो. पलीकडे चीनचे अधिकारी आणि गाइड ताब्यात घेतात. तकलाकोटला पोचलो की घड्याळ अडीच तास पुढे करायचं.

मग तिबेटचं पठार. झाड नाही, सावली नाही. आधी राक्षसताल दिसतो, गडद निळा, किनाऱ्याला चिटपाखरू नाही. आणि त्याच्या शेजारीच मानसरोवर. आपल्या तलावपाळीला फेरी मारायला वीस मिनिटं लागतात. मानसरोवराचा घेर सुमारे ८८ किलोमीटर. दक्षिणेला गुर्ला मांधाता, साडेसात हजार मीटरहून उंच, आणि उत्तरेला कैलास. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली, या चार मोठ्या नद्या याच भागात उगम पावतात. हिंदूंना तो शंकराचा वास, बौद्धांना पवित्र, जैनांना ऋषभदेवांच्या निर्वाणाचं अष्टापद, आणि तिबेटच्या जुन्या बोन धर्माचाही तोच पर्वत. शिखरावर आजवर कोणी पाय ठेवलेला नाही. फक्त भोवती फिरायचं.

परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची, तीन दिवसांची. दारचेन या गावातून निघायचं, यमद्वारापासून चालायला लागायचं, पहिला मुक्काम डेरापुक. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. अशी तीन कळसूबाई एकावर एक ठेवली की डेरापुकची उंची येते, जवळजवळ ५,००० मीटर. दुसऱ्या दिवशी डोलमा खिंड, ५,६०० मीटरच्या वर. तीच परिक्रमेची खरी कसोटी. खिंडीच्या पलीकडे खाली गौरीकुंड.

आता मुद्द्यावर येतो.

दारचेनलाच माझं डोकं दुखायला लागलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. वहीत लिहिलं, ‘किरकोळ’. डेरापुकला पोचलो तेव्हा संध्याकाळचं ऊन कैलासाच्या उत्तरेच्या कड्यावर पडलं होतं. सगळी मंडळी हात जोडून उभी होती, काही रडत होती. मी एका दगडावर बसून होतो, आणि खरं सांगतो, मला फक्त मळमळत होतं. रात्री दोनदा उलटी झाली. आमच्या तुकडीत एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बोटाला यंत्र लावलं, ऑक्सिजन ६२. मग म्हणाल्या, “काका, सरळ रेषेत दहा पावलं चालून दाखवा.” मी तिसऱ्याच पावलाला दारू प्यायल्यासारखा भिंतीवर गेलो.

लायझन ऑफिसरने सांगितलं, उजाडलं की खाली. मी वाद घातला. आयुष्यभराची इच्छा आहे, चार महिने तयारी केली, घोडा करतो, सगळं बोललो. ते शांतपणे म्हणाले, “इथे घोडा उपयोगाचा नाही. डोक्यात किंवा फुप्फुसात पाणी धरलं तर एकच औषध, उतरणं.”

तेव्हा मी सौ.कडे पाहिलं. मला शंभर टक्के खात्री होती की ती म्हणेल, चला, मीही येते. आम्ही एकत्र आलो, एकत्र जाऊ. पण ती म्हणाली, “तुम्ही खाली जा. तुमच्याबरोबर माणूस आहे, गाइड आहे. मला कोणी अडवलेलं नाही. मी जाऊन येते.”

मंडळी, मला राग आला. पहाटे निघताना मी तिच्याशी बोललो नाही. तिने माझी कानटोपी नीट केली, तरी नाही.

एका तिबेटी घोडेवाल्याबरोबर मी उतरलो. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. वाटेत त्याने थांबवून लोण्याचा खारट चहा पाजला. मी मनात हिशेब मांडत होतो, हिने असं कसं केलं? आणि हिशेब मांडता मांडता दुसरी बाजू दिसायला लागली. लग्नाआधीपासून ती शाळेत शिकवत होती. माझ्या पहिल्या बदलीला तिने नोकरी सोडली. दुसऱ्या गावी पुन्हा मिळवली, पुढच्या बदलीला पुन्हा सोडली. त्या दोन्ही वेळी मी तिला काही विचारल्याचं मला आठवेना. तेहतीस वर्षांत तिने पहिल्यांदा ‘मी जाते’ म्हटलं होतं, आणि मला राग आला होता.

संध्याकाळपर्यंत दारचेनला डोकं उतरलं. तिथल्या गाइडने माझी समजूत काढली की बोन धर्माचे लोक उलट्या दिशेनेच परिक्रमा करतात, म्हणजे तुम्ही परत आलात तीही एक रीतच. मी हसलो. पण खरं तेवढंच, की मी एक दिवस चाललो आणि परत आलो. परिक्रमा नाही झाली.

तिसऱ्या दिवशी ती आली. नाक सोललेलं, ओठ फुटलेले. हातात छोटी बाटली, गौरीकुंडाच्या पाण्याची. तिने पहिला प्रश्न विचारला, “जेवलात का?” पुढे मानसरोवराच्या काठी आम्ही राहिलो, थंडगार पाण्यात दोघांनी स्नान केलं, पूजा केली. ते मात्र एकत्र झालं, आणि त्याबद्दल मी आजही हात जोडतो.

मग आपण इथे बॅनर लावलात. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तेव्हाच्या अध्यक्षांनी मला शाल-श्रीफळ दिलं, सौ.ला पुष्पगुच्छ दिला, आणि माइक माझ्या हातात दिला. मी डोलमा खिंडीचं वर्णन केलं. बर्फ कसा होता, पताका कशा फडफडत होत्या, दर दहा पावलांना कसा दम लागत होता. ते सगळं तिने सांगितलेलं होतं. ती पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. नंतर ज्येष्ठ नागरिक संघात, पेन्शनरांच्या मेळाव्यात, तेच भाषण मी पाच-सहा वेळा केलं. तिने कधी, घरातसुद्धा, एक शब्द काढला नाही. गुंजीहून परतलेल्या त्या गृहस्थांना ‘ईश्वरेच्छा’ म्हणणाऱ्या माणसाला स्वतःच्या बाबतीत ते म्हणता आलं नाही.

चौदा वर्षं ही नोंद तशीच चालली. मग हे वर्ष आलं. २०२० पासून बंद असलेली यात्रा २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. आपल्या सी विंगचं एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं. म्हणाले, “काका, आम्ही पुढच्या वर्षी अर्ज करणार. डोलमा चढताना त्रास झाला तर तुम्ही काय केलंत?” मी तोंड उघडलं आणि गप्प झालो. त्यांना खोटं सांगितलं असतं, की मनाचा निग्रह केला आणि चढलो, तर ते वाक्य ती दोघं तिथे वर, ऑक्सिजन ६२ असताना आठवली असती. बॅनरचं खोटं माझ्यापुरतं होतं. हे खोटं कोणाच्या तरी जिवावर बेतलं असतं.

म्हणून त्या दोघांना, आणि ज्यांना जायचं असेल त्या सगळ्यांना, आज खरं सांगतो.

एक, वय १८ ते ७० आणि बीएमआय २५ च्या आत, हे नियम आहेत. तपासणीत काही लपवू नका. दोन, आता लिपुलेखच्या बाजूला गाडीरस्ता झाला आहे, नाथू ला मार्गही गाडीचा आहे. पाय वाचतात, पण शरीराला उंचीची सवय व्हायला जे दिवस आम्हाला चालताना मिळाले, ते गाडीत बसून मिळत नाहीत. विश्रांतीचे दिवस ठेवलेले असतात ते फुकट गेले असं समजू नका. तीन, डोकेदुखी ‘किरकोळ’ लिहू नका, सांगा. डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि गोळी घेतली म्हणून लक्षणांकडे काणाडोळा करू नका. चार, गाइड परत जा म्हणाला तर परत जा. पाच, हे नवरा-बायकोंसाठी: एकाला उतरावं लागलं आणि त्याच्या सोबतीला माणूस असेल, तर दुसऱ्याने काय करायचं ते इथे घरीच ठरवून जा. आणि खाली उतरणाऱ्याने जाणाऱ्याला हसतमुखाने निरोप द्या. मी दिला नाही. ते एक मला परत जाऊन करता येत नाही, माझं वय आता पंचाहत्तर.

बँकेत चुकीची नोंद खोडायची नसते. उलटी नोंद करून दुरुस्त करायची असते, आणि खाली सही करायची असते. २०११ च्या गणेशोत्सवात माझ्या नावावर जमा झालेली शाल मी आज घरून आणली आहे. चौदा वर्षं कपाटात होती, घडीसुद्धा मोडलेली नाही. हिला मी आज काय बोलणार ते सांगितलेलं नाही, त्यामुळे घरी गेल्यावर काय होईल ते माहीत नाही.

अध्यक्षसाहेब, आपल्याला विनंती आहे की ही शाल परिक्रमा पूर्ण केलेल्या सभासदाला द्यावी. त्या पहिल्या रांगेत, नेहमीच्याच जागी बसल्या आहेत. आणि माइकही त्यांना द्यावा. डोलमा खिंड कशी आहे हे या सोसायटीने अजून ऐकलेलंच नाही.

माझं भाषण संपलं.