दुष्काळात रुजलेली श्रद्धा



कठीण काळात ख्रिस्ती श्रद्धेत घट्ट कसं राहावं, हा आजचा विषय. कोरडं पडलेलं शिवार, अवकाळीनं झोपवलेलं पीक, सावकाराचा तगादा हे सगळं तुमच्या ओळखीचं आहे. तुमच्यापुढे गोड शब्दांची पखरण करणं मला बरं वाटत नाही. म्हणून जिनं भूक सोसली अशा एका बाईचं आयुष्य मी आज मांडणार आहे. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरत. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पती. पदरात तान्ही लेक मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

एवढ्यानं मन शांत झालं, असं मात्र घडलं नाही. चर्चच्या काही सिद्धान्तांवर त्यांनी तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून निकरानं वाद घातला. जे पटत नव्हतं, ते पटलं असं म्हणायला त्या तयार नव्हत्या. ख्रिस्ताशी आपलं खरं नातं जुळलं ते बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असं त्यांनीच पुढं लिहून ठेवलं आहे. आपल्या मंडळीत एखादा तरुण शंका विचारतो, तेव्हा आपण चटकन त्याला अविश्वासू ठरवतो. त्याला आठ वर्षं द्यायची आपली तयारी आहे का?

१८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन निघालं, १८९० मध्ये ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये वादळ उठलं. मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून वर्तमानपत्रांतून झोड उठली, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी संस्थेचं सल्लागार मंडळ सोडलं. आपण कुणावर सक्ती करत नाही आणि आपली प्रार्थना लपवतही नाही, ही भूमिका रमाबाईंनी सोडली नाही. उरलेल्या मुलींना घेऊन शाळा चालू राहिली.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतःची संस्था अडचणीत असताना त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता. तेव्हा केडगावच्या शेतावर या मुलींच्या राहण्याची सोय करावी लागली, आणि तिथंच मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. लहानपणी उपास सोसलेली बाई देवाला जाब विचारत बसू शकली असती, आणि तो अधिकार बायबलमधल्या ईयोबालाही होताच. रमाबाईंनी चूल वाढवली. माझ्या मते त्यांची श्रद्धा इथं सर्वांत खोल गेली.

त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावं म्हणून. छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. हे काम संपत आलेलं असताना, २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. तेव्हा आपल्या मराठवाड्यासारख्याच निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्याला शाळा उभारण्यात याच लेकीचा मोठा हात होता. रमाबाईंनी भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

रमाबाईंच्या श्रद्धेनं एकही मृत्यू टाळला नाही. श्रद्धा असली की संकट येत नाही, असं जो सांगतो तो दुखावलेल्या माणसाला आणखी एकटं पाडतो. लेकरू आजारी पडलं की ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं आईला ऐकवणं हा क्रूरपणा आहे. तो आपल्या मंडळ्यांतून गेला पाहिजे.

आता आपल्याकडे पाहू. मराठवाड्यात ख्रिस्ती घरं थोडी आणि विखुरलेली आहेत. एखाद्या गावात दोन-तीनच. नात्यागोत्याच्या लग्नकार्यात वेगळं पडणं, अंत्यविधीच्या जागेची अडचण, कुणाचा संशय हे अनेकांना सोसावं लागतं. अशा वेळी तीन गोष्टी धरा. रोज घरात थोडं तरी शास्त्रवाचन ठेवा. मनातली शंका पाळकांना मोकळेपणानं सांगा, आणि पाळकांनी ती रागावल्याविना ऐकावी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: स्वतःची अडचण असतानाही शेजारच्या अडलेल्या घराकडे जा, जात-धर्म न विचारता. मंडळीच्या दानपेटीतला एक वाटा गावातल्या विधवेच्या आणि कर्जबाजारी कुटुंबाच्या मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढा. या रविवारीच ठराव करा.