जुन्या घरातली वीज

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलात, तर नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जांभ्या दगडाची जुनी घरे आजही दिसतात. पावसाळ्यापूर्वी घर शाकारले जाते, तुळईला वाळवी लागली की सुताराला बोलावणे जाते. पण त्याच तुळईवरून विजेची जी तार गेली आहे, तिच्याकडे दिवा लागतो आहे तोवर कोणी मान वर करून पाहत नाही. आज त्या तारेविषयीच बोलायचे आहे.

या जिल्ह्याला वीज तशी नवी नव्हे. खोपोलीला १९१५ साली, भिवपुरीला १९२२ साली आणि भिऱ्याला १९२७ साली टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली. परंतु ती वीज निघाली ती मुंबईकडे, गिरण्यांकडे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली खेडी कंदिलाच्याच उजेडात राहिली. १९६० साली राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगाव खांब आले. तेव्हा घराची गरज ती केवढी? ओटीवर एक दिवा, माजघरात एक, चुलीपाशी एक, आणि हौस असली तर रेडिओ. तार टाकली गेली ती तेवढ्याच हिशेबाने.

आता त्याच तारेवर आपण काय काय लादले आहे बघा. ६० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर प्रवाह घेतो. २००० वॉटचा गिझर घेतो पावणेनऊच्या आसपास, म्हणजे सुमारे ३३ पट. आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा ती झाली हजार पटीहून अधिक! नागाव, दिवेआगरकडे तर घरोघर पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या आहेत. न्हाणीघरात गिझर, खोलीत वातानुकूलन यंत्र, आणि माळ्यावर मात्र आजोबांच्या वेळची तार. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घातली जाते. मग फ्यूज जात नाही, हे खरे. जळायची पाळी भिंतीतल्या तारेवर येते.

ती तार कशी असते? लाकडी पट्टीवर किंवा लाकडी केसिंगमध्ये बसवलेली, रबराचे वेष्टण आणि वर सुताची वीण. रबर वर्षानुवर्षांच्या उष्म्याने वाळते. बोटाने दाबले तर भुगा होतो. कित्येक ठिकाणी तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तार आहे. तिचे स्क्रू कालांतराने सैल होतात, आणि तिला तांब्याची तार पिळून जोडली असली तर खारे वारे तो सांधा खाऊन टाकतात. जांभा पाणी पितो, हे तुम्हांला सांगायला नको.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जुन्या पाटीवर चिनी मातीचे दोन-दोन फ्यूज असतात, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. न्यूट्रलवरचा गेला की दिवा विझतो, पंखा थांबतो. आपण म्हणतो, “वीज गेलेली दिसते,” आणि होल्डरला हात घालतो. पण फेजची तार जिवंतच असते! म्हणून पाटी बदलताना न्यूट्रलवरचा फ्यूज काढून टाकावा, आणि मेन स्विच दोन्ही तारा एकदम तोडणारा असावा.

दुसरी उणीव अर्थिंगची. दोन पिनांच्या प्लगला तिसरी तार माहीतच नसते. नवी तार टाकताना प्रत्येक प्लगपर्यंत ही तिसरी तार न्यावी. अर्थिंगचा खड्डा शक्यतो ओलाव्याच्या जागी, न्हाणीच्या पाण्याजवळ घ्यावा. किनाऱ्यावर लोखंड गंजते, तांब्याची पट्टी टिकते.

एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. माणसासाठी आरसीसीबी नावाचे यंत्र लागते. घरात जाणारा आणि परत येणारा प्रवाह ते ताडून पाहते, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडते. जुन्या तारांवर हे यंत्र बसवले की आषाढात ते सारखे पडू लागते. घरधनी वैतागतो, आणि कोणी उत्साही कारागीर ते बाजूला ठेवून तार सरळ जोडून देतो. कृपा करून तसे करू देऊ नका. यंत्र खोटे बोलत नसते. भिंत गळते आहे, एवढेच ते सांगते. परवाना असलेल्या वायरमनकडून मेगरने तपासणी करून घ्या. वेष्टणाचा रोध एक मेगओहमच्या खाली आला, तर डागडुजीत अर्थ नाही, तार बदलायचीच.

अडचण बहुधा पैशाची नसते. मीटर आजोबांच्या नावावर, घर चार भावांचे, तिघे मुंबईला, आणि घरात राहते एकटी आई. “सगळे गणपतीला आले की ठरवू,” असे म्हणत वर्षे जातात. पण मीटरपुढची तार ही घरवाल्याची जबाबदारी. महावितरण ती बदलून देणार नाही. सगळे घर एकदम जमत नसेल, तर न्हाणीघर आणि स्वयंपाकघर आधी घ्या. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, प्लगना अडीचची, गिझर व वातानुकूलन यंत्राला चारची, आणि तीही स्वतंत्र.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. कौले उडाली, माळ्यावरच्या तारा भिजल्या, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. अशा वेळी पुन्हा वीज आली की लगेच मेन चालू करू नये. आधी तपासणी, मग दिवा. वाडीतल्या विहिरीवरच्या पंपालाही हेच लागू. त्याची तार माडाला गुंडाळून नेलेली असते, आणि पंपाला हात लावणारा बहुधा ओल्या पायांनी उभा असतो. त्या पंपाला वेगळी आरसीसीबी हवी.

या यंत्रावर ‘टी’ अक्षराचे एक लहान बटन असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. खटकन् वीज गेली, तर यंत्र शाबूत आहे. नाही गेली, तर त्याच दिवशी वायरमनला निरोप धाडावा.