बटाटा कसा खावा, कशासोबत खावा



पावसाळ्यात भाताची लावणी उरकते आणि बाजारात भाजी महाग होते. मग घरोघरी एकच भाजी, बटाट्याची. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्यांच्या डब्यातही तीच. आणि खाता खाता आपणच म्हणतो, बटाट्याने वात होतो, बटाट्याने अंग सुटते. यात खरे किती, ते आज पाहू.

बटाटा मूळचा आपल्या मातीतला नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतला. उत्तरेत त्याला आलू म्हणतात, आपण बटाटा म्हणतो, कारण आपल्याकडे त्याचे नाव पोर्तुगीजांकडून आले. तारापूरचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने त्यांच्याकडून घेतला. किल्ला गेला, शब्द मात्र राहिला! कंद चांगला पोसायला रात्री थंड लागतात. आपल्या किनाऱ्यावर रात्रीचा उकाडा, म्हणून इथे हे पीक फारसे साधत नाही. बटाटा आपण विकतच आणतो. दाम मोजून आणलेल्या वस्तूतला कस वाया जाऊ नये, एवढे तरी पाहायलाच हवे.

मध्यम आकाराचा एक बटाटा साधारण १०० ग्रॅमचा. त्यात तीन हिश्शांहून जास्त पाणीच असते. बाकी सुमारे २० ग्रॅम पिष्टमय पदार्थ, दीड-दोन ग्रॅम प्रथिने आणि चरबी म्हणाल तर नावाला. उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यातून ९० च्या आसपास कॅलरी मिळतात. तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातातून १३० च्या आसपास. आता सांगा, अंग कशाने सुटते? तळणाने. १०० ग्रॅम वेफर्समध्ये पाचशेहून जास्त कॅलरी असतात आणि जवळजवळ तिसरा हिस्सा तेल असते. बदनाम होतो बिचारा बटाटा.

बटाट्याचा खरा गुण म्हणजे जीवनसत्त्व ‘क’ आणि पोटॅशियम. नाचणी, डाळ, पालेभाजी यांतले लोह अंगी लागायला ‘क’ मदत करते. आपल्या भागात बायका-मुलांत रक्त कमी असण्याची तक्रार नेहमीची, म्हणून हे ध्यानात ठेवावे. पण बटाटा सोलून, बारीक चिरून पाण्यात टाकला आणि ते पाणी ओतून दिले, तर निम्मा गुण मोरीत गेला म्हणून समजा. स्वच्छ धुऊन सालीसकट अख्खा उकडावा, साल नंतर काढावी. कोवळी साल खाल्ली तरी चालते. चुलीच्या निखाऱ्यात भाजलेला बटाटा तर मला भाजीपेक्षाही आवडतो.

आता उणी बाजू. बटाट्यात प्रथिने थोडी, चुना थोडा आणि जीवनसत्त्व ‘अ’ जवळजवळ नाहीच. भात आणि वर बटाट्याची रस्साभाजी, म्हणजे एकच वस्तू दोनदा वाढली. पोट भरते, पण मूल वाढत नाही. सातपाटीपासून तारापूरपर्यंतच्या कोळी-मांगेल्यांच्या घरांत यावर तोड आहेच. जवळा घालून बटाटा, नाहीतर सुके बोंबील घालून बटाटा. सुक्या बोंबलात निम्म्याहून जास्त प्रथिने असतात. मासळी खारवलेली असेल तर आधी पाण्यात ठेवून धुवावी, वरून मीठ घालू नये. मासळी न खाणाऱ्यांनी चवळी, वाल किंवा मूग घालावेत. बांधावरचा टाकळा, परसातल्या शेवग्याचा पाला बटाट्यात मिसळावा. बटाटा वाढलात तर भात एक मूठ कमी वाढावा.

मुलाला सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर उकडलेला बटाटा घट्ट डाळीत कुस्करून, चमचाभर तेल घालून भरवावा. नुसता बटाटा नको. आई शेतावर, बाप कामावर आणि मुलाच्या हातात वेफर्सचे पाकीट, असे हल्ली वाडीवाडीवर दिसते. त्या पाकिटाने भूक मरते आणि दुपारचे जेवण राहून जाते. त्याऐवजी सकाळीच दोन बटाटे आणि एखादे अंडे उकडून ठेवून जा.

एका बाबतीत मात्र हयगय करू नका. उजेड लागला की बटाटा हिरवा पडतो. दुकानातल्या दिव्याखालीसुद्धा पडतो. हिरवेपण आले की आत सोलॅनिन नावाचे विष वाढल्याची ती खूण समजावी. कोंबातही ते असते. उकडून, तळून ते जात नाही. असा बटाटा खाल्ल्यावर काही तासांत मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब होऊ शकतात आणि लहान मुलाला त्याचा त्रास लवकर होतो. थोडासा हिरवा डाग असेल तर खोलवर कापून टाका. बराच हिरवा असेल, चवीला कडू लागला, तर सगळाच फेकून द्या. पैसे गेले म्हणून हळहळू नका. हिरव्या साली आणि कोंब शेळ्यांनाही घालू नका. बटाटा बांबूच्या टोपलीत, वर गोणपाट टाकून, अंधाऱ्या पण हवेशीर कोपऱ्यात ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून तो सडतो. कांद्याशेजारी ठेवू नये.

मधुमेह असलेल्यांनी बटाटा बेताने आणि भाताच्या बदल्यात खावा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारावे.

राहिला प्रश्न जीवनसत्त्व ‘अ’चा. त्यासाठी आपल्या जमिनीत येणारे पीक आहे, रताळे. त्यातही आतून नारिंगी असणारे. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची ‘भू सोना’ ही अशीच नारिंगी जात आहे. डोळ्यांसाठी ती फार गुणाची. रताळ्याच्या कोवळ्या पाल्याचीही भाजी होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला, पाणी न साचणाऱ्या जागी सरीवर वेलाचे तुकडे लावले की साधारण चार महिन्यांत कंद काढायला येतात. नारिंगी जातीच्या वेलांची चौकशी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा पालघरच्या कृषि संशोधन केंद्रात करावी, आणि ती मे महिन्यातच करावी. पाऊस लागल्यावर धावपळ नको.