आकडा आणि त्याचे उगमस्थान



व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यालयांत संख्यात्मक पद्धती आणि संशोधनपद्धती हे दोन विषय वेळापत्रकात शेजारी-शेजारी असूनही विद्यार्थ्यांच्या मनात एकमेकांपासून फार दूर राहतात, आणि या दुराव्यामुळे आपल्या कारखान्यांचे, पेढ्यांचे व सरकारी खात्यांचे जे नुकसान होते त्याकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्याच हेतूने मी आज या व्यासपीठावर उभा आहे. हाती आलेल्या आकड्यांवरून निर्णय कसा काढावा हे पहिला विषय शिकवितो. आकडा मुळात कोठून, कसा आणि कोणाच्या हातून आला हे तपासण्याची दृष्टी दुसऱ्याने द्यावयाची असते. हे दोन्ही विषय एकाच विषयाची दोन अंगे म्हणून, एकाच वेळी आणि शक्यतो एकाच अध्यापकाने शिकवावेत, असे माझे ठाम मत आहे.

या विषयांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला व्हार्टन विद्यालय 1881 मध्ये निघाले, हार्वर्डचे विद्यालय 1908 मध्ये. परंतु तेथील अध्यापनात प्रदीर्घ काळ भर होता तो जमाखर्चावर, व्यापारी कायद्यावर आणि अनुभवी मंडळींनी सांगितलेल्या प्रसंगांच्या चर्चेवर. दुसऱ्या महायुद्धात सैन्याची रसद, जहाजांचे तांडे आणि विमानांच्या फेऱ्या यांचे हिशेब शास्त्रज्ञांच्या हाती गेले, आणि युद्ध संपल्यावर तीच विद्या कारखान्यांच्या दारी आली. 1947 साली अमेरिकी हवाई दलाच्या सेवेत असलेल्या जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञाने, ठरलेल्या अटींत राहून कमीत कमी खर्चाचे किंवा जास्तीत जास्त लाभाचे उत्तर काढणारी, सिंप्लेक्स नावाची रीत शोधून काढली. 1949 मध्ये पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात कार्नेगी संस्थेने गणित आणि समाजशास्त्रे यांच्या पायावर नवे व्यवस्थापन विद्यालय उभे केले. पुढे 1959 मध्ये दोन मोठ्या अहवालांनी अमेरिकेतील वाणिज्यशिक्षणावर कठोर टीका करून गणित, संख्याशास्त्र आणि शास्त्रीय संशोधन यांची शिफारस केली, आणि हा अभ्यासक्रम सर्वत्र रूढ झाला. आपल्याकडे 1961 साली कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या आणि 1965 मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था काढली. त्यामुळे ही विद्या आपल्या दारी येण्यास विलंब लागला असे म्हणता येणार नाही.

आता एका उदाहरणाकडे वळू. माणसाला लागणारी पोषकद्रव्ये कमीत कमी खर्चात कशी मिळवावीत, हा प्रश्न जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने 1945 मध्ये मांडला. खाद्यपदार्थ 77, पोषकद्रव्ये 9. तर्काने आणि चिकाटीने त्याने जे उत्तर काढले ते 1939 च्या भावांनी वर्षाला 39.93 डॉलर इतके होते. सिंप्लेक्स रीत सिद्ध होताच तिची पहिली मोठी कसोटी म्हणून हाच प्रश्न घेण्यात आला. हाताने चालविण्याच्या गणनयंत्रांवर बसलेल्या कारकुनांचे सुमारे 120 दिवसांचे श्रम त्यात खर्ची पडले आणि उत्तर आले 39.69 डॉलर. वर्गात ही कथा येथेच थांबविली जाते, आणि विद्यार्थी गणिताच्या सामर्थ्याने दिपून घरी जातो. तिचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो.

काही वर्षांनी डॉक्टरांनी स्वतः डँट्झिग यांनाच वजन उतरविण्याचा सल्ला दिला, तेव्हा पोट भरल्याची भावना जास्तीत जास्त देणारा आहार शोधण्याचे काम त्यांनी संगणकाकडे सोपविले. पदार्थाच्या वजनातून त्यातील पाण्याचे वजन वजा करून जे उरेल ते पोट भरण्याचे माप, असे त्यांनी धरले होते. संगणकाने उत्तर दिले: रोज 500 गॅलन व्हिनेगर! शोध घेता असे आढळले की ज्या तक्त्यावरून माहिती घेतली त्यात व्हिनेगरमधील पाण्याचा अंश शून्य नोंदलेला होता. व्हिनेगर वगळून पुन्हा गणित मांडले, तर रसा करण्याच्या खारट वड्या दिवसाला 200 घ्याव्यात असा निर्णय आला. कारण मिठाचे सेवन अमुक मर्यादेपलीकडे जाऊ नये, ही अट कोणी लिहिलीच नव्हती. गणितात एकाही ठिकाणी चूक नव्हती. पहिल्या वेळी नोंद खोटी होती, दुसऱ्या वेळी प्रश्न अपुरा होता. आणि हे दोन्ही दोष, ज्याला स्वयंपाकघर ठाऊक आहे अशा माणसालाच दिसले. ज्याने ही रीत निर्माण केली त्याच्या हातून हे घडते, तर बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला आपण केवळ रीत शिकवून का थांबतो?

आपल्या मातीतले उदाहरण याहून बोलके आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे दिल्लीच्या कृषिसंशोधन परिषदेत असताना पिकांच्या उताऱ्याच्या पाहणीचा प्रश्न ऐरणीवर होता. शेतात एक लहानसा तुकडा आखायचा, त्यातील पीक कापून तोलायचे आणि त्यावरून साऱ्या मुलखाचा अंदाज बांधायचा, ही पद्धत. तुकडा जितका लहान तितकी मेहनत कमी आणि तितक्याच पैशांत तुकडे अधिक, म्हणून कागदावरचे गणित लहान तुकड्यांना अनुकूल होते. सुखात्मे यांनी 1946 च्या सुमारास दाखवून दिले की लहान तुकड्यांवरून निघणारा उतारा खऱ्यापेक्षा अधिक येतो. कारण सीमारेषेवर होते: कडेवरचे रोप आत की बाहेर अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे झुकतो, आणि तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानाने कड मोठी पडते. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कडेला केवळ अडीच सेंटिमीटरची ढिलाई झाली तर उत्पन्न पाच टक्क्यांनी फुगते. तीच ढिलाई दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात अर्ध्या टक्क्यावर येते. हजार तुकडे कापले म्हणून ही चूक घटत नाही, कारण ती प्रत्येक तुकड्यात एकाच दिशेने होते. हे ज्ञान विळा धरणाऱ्या हाताकडे आणि सूत्राकडे एकाच वेळी पाहणाऱ्याला झाले.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. एका वेळी किती माल मागवावा हे सांगणारे मालसाठ्याचे जे सूत्र एफ. डब्ल्यू. हॅरिस यांनी 1913 मध्ये दिले ते प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्यात एक मागणी नोंदविण्यास येणारा खर्च हा एक आकडा लागतो. वर्गात तो फळ्यावर आयता मिळतो, परंतु प्रत्यक्षात तो कोणत्याही खातेवहीत नसतो. खरेदीखात्यातील कारकुनाशेजारी बसून, पत्रव्यवहार, तपासणी, हमाली यांचा तपशील मांडूनच तो काढावा लागतो. असे असले तरी हेच सूत्र आपल्याला सांगते की हा आकडा दुपटीने चुकला तरी एकंदर वार्षिक खर्च सहा टक्क्यांच्या आसपासच वाढतो. म्हणजे कोणत्या आकड्यासाठी जिवाचे रान करावे आणि कोणता ढोबळमानाने चालेल, याचा निवाडा गणितच देते. संशोधनाला गणिताची गरज आहे ती येथे.

आज वस्तुस्थिती काय आहे? संशोधनपद्धतीचा विषय बहुतेक ठिकाणी व्याख्यांच्या पाठांतरात संपतो. अखेरच्या सहामाहीत प्रकल्पाचा अहवाल द्यावयाचा म्हणून विद्यार्थी फोनवरून मित्रमंडळींना प्रश्नावली धाडतो, आलेली उत्तरे संगणकात घालतो, आणि जी माणसे त्याने निवडलीच नाहीत, केवळ सापडली, त्यांच्या मतांवरून साऱ्या बाजारपेठेविषयी निष्कर्ष लिहितो. या मुलांत बुद्धी नाही असे मुळीच नाही. त्यांना कोणी काट्याजवळ, गोदामात, हिशेबाच्या टेबलाशी नेलेच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. पहिल्या सहामाहीतच प्रत्येकाने एक तरी आकडा स्वतः मोजून आणावा, आपल्या मोजणीत चूक किती आणि कोणत्या दिशेला हे लिहून द्यावे, आणि मगच त्यावर गणित करावे, अशी तजवीज अभ्यासक्रमात व्हावयास हवी.

या सभेत कारखानदार आहेत, सहकारी संस्थांचे चालक आहेत, पेढीवाले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की पुढील वर्षी एखादा विद्यार्थी आपल्या दारी आला तर त्याला चहा पाजून, छापील माहितीपत्रक हाती देऊन वाटेला लावू नका. मालखात्याचे दफ्तर त्याला दोन महिने उघडे करा, वजनकाट्याजवळ उभे राहू द्या, कारकुनाला प्रश्न विचारू द्या, आणि त्याने नोंदीतली चूक दाखविली तर ती ऐकून घ्या.