प्रकाशाच्या पुढे कोण धावते?



 गोदाकाठच्या पुणतांब्यात योगिराज चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा हे न उमगून त्यांनी कोरेच पत्र धाडले, अशी आख्यायिका आहे. १ जून २०१७ रोजी शेतकरी संपाची सुरुवातही येथूनच झाली. अवघड प्रश्न या गावाला नवे नाहीत. आजचा मात्र थेट आकाशातला आहे.

एकमेकींपासून दूर असलेल्या रेडिओ दुर्बिणींनी मिळून १९७१च्या सुमारास ३सी २७३ आणि ३सी २७९ या क्वासारांचे, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांचे, वेध घेतले. त्यांतले तेजस्वी पुंजके प्रकाशाच्या कितीतरी पट वेगाने सरकताना दिसले. पुढे हबल दुर्बिणीला एम ८७ दीर्घिकेच्या झोतात प्रकाशाच्या सुमारे सहापट वेग आढळला.

मग प्रकाशापेक्षा वेगाने काहीच धावू शकत नाही, असे सांगणारा आइनस्टाइन चुकला का?

मुळीच नाही. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी १९६६मध्येच याचे गणित मांडले होते. समजा, एक पुंजका ५.२ वर्षांत पृथ्वीच्या दिशेने ४ आणि आडवा ३ प्रकाशवर्षे सरकला. त्याने कापलेले अंतर ५ प्रकाशवर्षे, म्हणजे वेग प्रकाशाच्या ९६ टक्के. पण तो ४ प्रकाशवर्षे जवळ आल्याने त्याच्या शेवटच्या प्रकाशाला तेवढी वाट कमी चालावी लागते. पहिल्या प्रकाशामागून तो अवघ्या १.२ वर्षांनी पोचतो. निरीक्षकाला १.२ वर्षांत ३ प्रकाशवर्षांची आडवी धाव दिसते: अडीचपट वेग! नियम कुठेच मोडलेला नसतो.

या कोड्यावर मराठी बुद्धीही झटली. शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी १९७९मध्ये वेगळा विचार मांडला: वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वळतो आणि हालचाल फुगून दिसते. त्याच वर्षी असा प्रकाश वळवणारे पहिले गुरुत्वीय भिंग आकाशात सापडलेही. पण १९९४मध्ये आपल्याच आकाशगंगेतल्या जीआरएस १९१५+१०५ या स्रोतात असाच वेग दिसला. तिथे मध्ये दुसरी दीर्घिका कुठून येणार? रीस यांचेच स्पष्टीकरण टिकले.

शिक्षकांना एक विनंती. वरचे उदाहरण वर्गात फळ्यावर सोडवून घ्यावे. त्याला पायथागोरस आणि भागाकार पुरतात. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडदला ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते, त्याला यंदा मुलांना अवश्य न्यावे.