कोकणात उतरायचं कुठं?



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्याकडे घराघरांत समुद्राचा विषय निघतो. छत्रपती संभाजीनगरहून दापोलीचा किनारा चारशे किलोमीटरहून लांब आहे. मुंबई-पुण्याचा माणूस शनिवारी निघून रविवारी रात्री घरी येऊ शकतो. आपला एक अख्खा दिवस जाण्यात आणि एक येण्यात जातो. मधे जे दोन-तीन दिवस हाती राहतात, त्यांचं चीज होणार की नाही, हे बरंचसं आपण उतरतो कुठं यावर ठरतं. म्हणून आज तेवढंच बोलणार आहे. खिशाला परवडेल असा मुक्काम कोकणातल्या गावांत कसा निवडावा, आणि तो निवडताना आपला हिशेब कुठं चुकतो.

कोकण फार मोठं आहे, म्हणून दापोली तालुक्याचाच किनारा घेऊ. दक्षिणेकडून वर येत गेलं तर कोळथरे, लाडघर, कर्दे, मुरूड, हर्णै, आंजर्ले, आडे, केळशी अशी गावं समुद्राच्या कडेनं लागतात. दापोली शहर वर, डोंगरमाथ्यावर आहे. कोकण कृषी विद्यापीठ तिथलंच. तिथून खाली उतरलं की दहा-पंधरा किलोमीटरवर मुरूड आणि हर्णै. हे मुरूड म्हणजे आपलं लातूरजवळचं नव्हे आणि जंजिऱ्याचंही नव्हे. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं मुरूड. खोली ठरवताना तालुका आणि जिल्हा विचारून घ्या, कारण जंजिऱ्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात आहे आणि तिथून इथं यायचं म्हणजे पुन्हा अर्ध्या दिवसाचा प्रवास.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक लोक खोलीचं भाडं बघतात आणि त्यालाच मुक्कामाचा खर्च समजतात. दापोलीत एस.टी. स्टँडच्या आसपास स्वस्त लॉज मिळतात. खाली गावात तशीच खोली थोडी महाग मिळते. समजा, फरक पाचशे रुपयांचा आहे. चार माणसांचं कुटुंब दापोलीत उतरलं, तर समुद्रावर जायला रिक्षा, परत यायला रिक्षा, सूर्यास्त बघायचा म्हणून संध्याकाळी पुन्हा रिक्षा. वाचलेले पाचशे दुपारपर्यंतच संपतात. आणि ज्यासाठी एवढ्या लांब आलो, ती पहाटेची आणि दिवेलागणीची वेळ रस्त्यावर जाते.

हा हिशेब आपल्याला नवा नाही. अजिंठ्याची लेणी बघायला बाहेरून येणारे पाहुणे आपल्या शहरात उतरतात आणि रोज शंभर किलोमीटर जायचे, शंभर यायचे करतात. वेरूळला ते चालतं, कारण वेरूळ तीस किलोमीटरवर आहे. अजिंठा सावकाश बघायचा असेल तर फर्दापूरला राहिलेला माणूस फायद्यात राहतो. सकाळी लेणी उघडताना तो दारात असतो. आपण पाहुण्यांना हा सल्ला देतो, मग कोकणात जाताना तोच स्वतःला द्यायला हवा.

याच्या उलट उदाहरणही जगात आहे. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाचा पाच गावांचा पुंजका आहे. मोंतेरोस्सो, वेर्नाझ्झा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही ती पाच गावं. १९९७ साली युनेस्कोनं हा भाग जागतिक वारशात घेतला, आणि आता त्या चिमुकल्या गावांत खोल्यांचे भाव आभाळाला भिडलेत. हिशेबी प्रवासी तिथं गावात उतरतच नाही. तो जवळच्या ला स्पेत्सिया शहरात किंवा लेवांतोला राहतो, कारण पाचही गावांना रेल्वे स्टेशन आहे आणि गाड्या दिवसभर धावतात. काही मिनिटांत माणूस एका गावातून दुसऱ्या गावात. फक्त कोर्निल्या कड्यावर आहे, तिथं स्टेशनपासून गावात चढायला पावणेचारशेहून जास्त पायऱ्या आहेत. म्हणजे लांब राहणं तिथं स्वस्त पडतं ते रेल्वेच्या जोरावर. दापोलीच्या किनाऱ्याला रेल्वे नाही. कोकण रेल्वेचं जवळचं मोठं स्टेशन खेड, तेही डोंगरापलीकडे. गावागावांत एस.टी. जाते, पण दिवसातून मोजक्या फेऱ्या, आणि संध्याकाळनंतर तिच्या भरवशावर बसता येत नाही. जिथं रात्रीचं वाहन नाही, तिथं मुक्काम गावातच करावा. स्वतःची गाडी असेल तर गोष्ट वेगळी, तरी किनाऱ्याचे ते अरुंद वळणाचे रस्ते रात्री नवख्या माणसानं टाळलेलेच बरे.

एस.टी.चं नाव निघालं म्हणून सांगतो. काटकसरीनं जायचं असेल तर लाल परी अजूनही सगळ्यांत भरवशाची. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मं आणि पंच्याहत्तरीच्या पुढे मोफत. आजी, आजोबा, दोन बहिणी असं कुटुंब निघालं तर येण्याजाण्यात जे वाचतं, त्यातून मुक्कामाचा एक दिवस वाढवता येतो. पुण्याला गाडी बदलून स्वारगेटहून दापोलीकडे जायचं, हा आपल्यासाठी सोपा मार्ग.

बरं, गावात राहायचं तर कोणत्या गावात? इथं भाडं नंतर बघा. आपण कशासाठी चाललोय, ते आधी ठरवा.

मासे खायला आणि बंदराची गजबज बघायला निघाला असाल तर हर्णै. संध्याकाळी होड्या परततात, किनाऱ्यावर माशांचा लिलाव लागतो, वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग पडतात, होड्यांपासून माल आणायला बैलगाड्या थेट पाण्यात शिरतात. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा. मराठी आरमाराचा इतिहास ज्यानं वाचलाय, त्यानं ही जागा चुकवू नये. पण बंदराचा वास आणि पहाटेचा गलका ज्यांना सोसत नाही त्यांनी हर्णैला बघायला जावं, राहायला नव्हे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हे सगळं शांत असतं आणि किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही नसतात.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर माझी पसंती मुरूडला. गावातून एक सरळ रस्ता जातो, दोन्ही बाजूंना घरं, आणि समुद्राच्या बाजूच्या घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या. वाडीच्या पाणंदीतून चालत गेलं की पुढे वाळू. रिक्षा लागत नाही, चढ नाही, आजोबा आपले आपण जाऊन येतात. गावात दुर्गादेवीचं जुनं देऊळ आहे, त्याचं लाकडी कोरीवकाम थांबून बघण्यासारखं. शेजारचं कर्दे लांबरुंद किनाऱ्याचं, तिथं रिसॉर्ट वाढलेत आणि सुट्टीत गर्दीही. आंजर्ल्याला शांतता जास्त, पण कड्यावरच्या गणपतीला जायचं तर चढ चढावा लागतो, हे गुडघेदुखीवाल्यांनी लक्षात घ्यावं. आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर आंजर्ले किंवा पलीकडचं, मंडणगड तालुक्यातलं वेळास. वेळासला हॉटेलं नाहीत म्हटलं तरी चालेल. गावकऱ्यांच्या घरीच राहायचं, ते देतील ते जेवायचं. पिल्लं सकाळी लवकर आणि संध्याकाळी सोडतात, तेव्हा तिथं लांब राहून उपयोगच नाही.

घरी राहणं म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, कारण स्वस्त मुक्कामाचं कोकणातलं खरं उत्तर तेच आहे. रस्त्यावर पाटी दिसते, ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’. सरकारी निवास-न्याहारी योजनेत नोंदलेली घरंही असतात. जांभ्या दगडाचं घर, पुढे अंगण, ओटी, मागे विहीर. घराला लागून किंवा वाडीत दोन-चार खोल्या बांधलेल्या. खोलीत पलंग, पंखा, संडास-बाथरूम, बस्स. सकाळी अंघोळीला कधी बंबाचं पाणी मिळतं. त्याला धुराचा हलका वास असतो. न्याहारीला घावन किंवा पोहे, दुपारी तांदळाची भाकरी, आमटी, एखादी फणसाची नाहीतर केळफुलाची भाजी, सोलकढी. ज्वारीच्या भाकरीवर आणि झणझणीत ठेच्यावर वाढलेल्या आपल्या जिभेला पहिल्या दिवशी हे जेवण सपक वाटतं. मिरचीची चटणी डब्यात घेऊन जा, त्यात काही गैर नाही. मात्र सगळ्या घरांत मासे मिळत नाहीत. मुरूड, आंजर्ले, केळशीत बरीच घरं फक्त शाकाहारी जेवण देतात. मासे हवेत की नकोत ते आधीच बोलून घ्या.

याच ओटीवर बसून घरच्या माणसाला भरती-ओहोटी विचारा. कोकणात एक हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास समुद्र भरलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. आपण समुद्रापासून लांबची माणसं, आपल्या मुलांना पाण्याचा अंदाज नसतो. दरवर्षी कोकणात बुडणाऱ्यांत बाहेरून आलेली तरुण मुलं असतात. पाण्यात केव्हा उतरायचं आणि कुठं अजिबात उतरायचं नाही, हे सांगणारं माणूस घरात असणं ही या मुक्कामातली सगळ्यांत मोलाची सोय आहे, आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

फोनवर ठरवताना संकोच करू नका. दर खोलीचा की माणशी? लहान मुलाचे किती, जादा गादीचे किती? जेवण धरून की जेवण वेगळं? संडास खोलीतच आहे ना, आणि आजींसाठी कमोड आहे का? समुद्र किती लांब, तेही ‘जवळच आहे’ यावर सोडू नका, पायी किती मिनिटं ते विचारा. वीज गेली तर काय सोय, आणि तुमच्या फोनची रेंज तिथं येते का, तेवढंही. घरच्या बाईंशी बोलता आलं तर उत्तम, कारण जेवणाचं आणि पाण्याचं खरं चित्र त्यांच्याकडूनच कळतं. केवळ फोटो बघून सगळे पैसे आधी भरू नका. आपल्या माणसांच्या ओळखीनं घर मिळालं तर फारच छान. नाहीतर गावाबद्दल चार प्रश्न विचारा. खरा गावकरी भरभरून सांगतो.

काळ कोणता निवडावा? दिवाळीनंतरचा पहिला आठवडा, नाताळ ते नवं वर्ष आणि मे महिना, या दिवसांत दर चढे असतात आणि घासाघीस करण्यात अर्थ नसतो. दिवाळीची गर्दी ओसरल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस हवेला आणि खिशाला दोन्हीला चांगले, तेही सोमवार ते गुरुवार. गणपतीत मात्र जाऊ नका. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, घरं त्यांच्याच माणसांनी भरलेली असतात. आणि मेमध्ये गेलात तर पाणी जपून वापरा. ज्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथल्याही विहिरी मेमध्ये तळ गाठतात. टँकरची वाट बघणं काय असतं, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

शेवटी एक विनंती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं या किनाऱ्याच्या वाड्या आडव्या केल्या. नारळ-पोफळ पुन्हा लावली तरी उत्पन्न हाती यायला पाच-सात वर्षं जातात. त्या काळात पाहुण्यांच्या खोल्यांनी कित्येक घरांना हात दिला. अशा घरात दर ठरला की जेवणाच्या ताटामागे पुन्हा दहा-वीस रुपयांसाठी वाद घालू नका. रात्री किती माणसं जेवणार, ते सकाळीच सांगा, कारण तिथं मोजूनच रांधतात. आणि काही कारणानं जाणं रद्द झालं, तर निदान दोन दिवस आधी फोन करून कळवा, म्हणजे ती खोली दुसऱ्या कुणाला देता येईल.