खुबा सटकतोय, पण का?

शाहू महाराजांनी आपल्या कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं आणि कुस्तीचा नाद इथल्या मातीत मुरला. तालमीत ‘लिगामेंट गेलं’ म्हटलं की माणूस आधी गुडघ्याकडे बघतो. खुब्याचं नाव सहसा निघत नाही.

तालमीतला एखादा पोरगा सांगतो, टांग मारताना जांघेत कळ येते, बैठकीतून उठताना ‘खट्’ वाजतं. नुसतं वाजत असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा स्नायूची दोरी हाडावरून सरकत असते. पण पाय टाकताना खुबा निसटेल असं वाटत असेल, तर तपासून घ्या.

खुब्याच्या वाटीच्या काठाला लॅब्रम असतो. कुकरच्या रिंगसारखा तो सांधा हवाबंद ठेवतो. पुढून इलिओफिमोरल लिगामेंट असतं, शरीरातलं सर्वांत दणकट. आत एक छोटं लिगामेंट मांडीच्या हाडाचा गोळा वाटीच्या तळाशी जोडतं. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मननं 1931 मध्ये मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली, पण गोळा आणि वाटी यांच्या मधे काही त्याला शिरता आलं नाही. आता भूल देऊन, पाय यंत्रावर ताणून साधारण सेंटिमीटरभर फट पाडतात आणि दोन-तीन छिद्रांतून काम करतात. आतलं लिगामेंट तुटलेलं असेल तर मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी घेऊन, हाडात बोगदा पाडून नवं बसवता येतं. गुडघ्यासारखं हे रोजचं ऑपरेशन नव्हे. व्यायामोपचारानं भागलं नाही, तरच मोजक्या रुग्णांत त्याचा विचार होतो.

माझा आग्रह एकच, आधी एक्स-रेवर वाटीची खोली बघा. वाटीच उथळ असेल तर नुसतं लिगामेंट बदलून काय उपयोग? पहिल्यावर पडला तोच ताण नव्यावर पडणार. तिथं वाटीभोवतालचं हाड कापून तीच फिरवावी लागते. बर्नच्या राइनहोल्ड गान्झ यांनी 1984 पासून रूढ केलेली ही पद्धत.

उथळपणाचं मूळ कधी कधी पाळण्यातच असतं. बाळाचे पाय सरळ करून दुपट्यात घट्ट आवळू नका. आपल्याकडं बाळाला पाय फाकवून कडेवर घेतात, ते खुब्याला चांगलंच.

आणि गाडीवरून पडून खुबा खरोखरच निखळला, तर मालिशवाल्याकडं नेऊ नका. सहा तासांच्या आत तो बसवला पाहिजे. उशीर झाला की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याचा धोका वाढतो. थेट मोठ्या दवाखान्यात न्या, आणि वाटेत पाय ओढून बघू नका.